खानावळीची वही

सोमवार, रात्री

म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या यादीत आमचा अर्ज आहे. पात्रतेसाठी जोडायचे कागद अजून अर्धेच सापडलेत. बाबा गिरणीत होते हे दाखवणारं काहीतरी लागतं: तिकीट नंबर, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, पगाराची पावती, लाल पास, काहीही. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर नाव मस्टरवर, म्हणजे गिरणीच्या हजेरीपटावर, हवं. गिरण्यांचा संप लागला त्याच वर्षी १८ जानेवारीला, त्यामुळे बाबा त्यात बसतात. अडचण नावाची आहे. ईएसआयच्या कार्डावर बाबांचं नाव आणि आजोबांचं नाव, आडनाव गायब. गिरणीत तेव्हा आडनाव विचारलंच नाही कुणी. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र आडनावासकट सगळं. आता दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं.

ट्रंकेत फंडाची चिठ्ठी नाही मिळाली. मिळाली आईची खानावळीची वही. दुरेघी, पुठ्ठा गेलेला, कोपऱ्यांवर तेलाचे डाग. आईला म्हटलं, ही कशाला ठेवलीस? ती म्हणाली, "पैशे यायचेत अजून, बाय." हसली मग.

मंगळवार

झोप आली नाही म्हणून वही वाचत बसले.

लालबागमधली दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही पाच जण, आणि दोन्ही वेळा पंधरा-सोळा मेंबर जेवायला. सगळे संगमेश्वराकडचे, गाव मंडळाच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, राहणारे, पाळीप्रमाणे येणारे. पहिली पाळी सुटली की एक पंगत, दुसरीला जाणाऱ्यांची त्याआधी एक. बुधवारी बांगडा, रविवारी मटण. गिरणगावात अशा किती खानावळी असतील! प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. आमच्या चाळीतल्या दोघी त्यात होत्या. आई नव्हती, बाबा कमावते आहेत, कर्ज कशाला, असं तिचं म्हणणं.

वहीत कुणाचंच नाव नाही. माखजनवाला, देवरुखवाला थोरला, धामणीचा नवा. गावाच्या नावानं माणसं. पुढे दिवसाचे चौकोन, जेवला की रेघ, नाही जेवला की ख, खाडा. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि तिच्यावर गोल, म्हणजे पैसे आले. डिसेंबर १९८१ पर्यंत सगळे गोल आहेत. जानेवारीचे निम्मे. फेब्रुवारीत दोन. मार्चपासून नुसत्या बेरजा.

संपाबद्दल लिहिणारे बाबांसारख्यांचं लिहितात: अडीच लाख कामगार घरी बसले, पगार बंद. आमच्या घरात दोन कमाया एकदम थांबल्या, हे मला वही बघेपर्यंत नीट लक्षात आलं नव्हतं. बाबांचा पगार गेला आणि आईचं गिऱ्हाईकही तेच संपवाले. एकाच गिरणीवर आमची दोन्ही चाकं चालत होती.

बुधवार

दादाचा फोन. वारसांची संमती लागते, त्याची सही हवी, म्हणून मीच केला होता. वहीचं सांगायला नको होतं.

"ती वही जाळ," म्हणाला. "लोकांच्या पोरांना तिनं फुकट जेवू घातलं आणि माझ्या दहावीच्या फॉर्मला पैसे नव्हते."

खरं आहे ते. १९८२ ची दिवाळी गेली, फॉर्मची तारीख गेली, दादा काळाचौकीच्या एका गॅरेजात लागला. ग्रीसचे हात घेऊन यायचा. मोरीत रॉकेलने चोळून मग साबण. शाळेतली मुलं गॅलरीतून जाताना दिसली की हा आत पोटमाळ्यावर. पुढे रात्रशाळेत नाव घातलं होतं, पण बसला नाही. त्याच्या वयाची चाळीतली दोन पोरं तेव्हा भलत्याच नादाला लागली, पुढे त्यांचं जे व्हायचं ते झालं. दादा गॅरेजात राहिला हे आई अजून देवाचं देणं मानते. दादाला ते ऐकवत नाही.

फोन ठेवल्यावर आईला सरळ विचारलं. मेंबर बंद का नाही केलेस?

आईनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. वाणी तिला महिन्याचा माल उधार द्यायचा तो बाबांच्या पगाराकडे बघून नव्हे. त्याला माहीत होतं, या बाईकडे सोळा माणसं जेवतात, आज ना उद्या पैसे येणार. मेंबर तोडले असते तर दुसऱ्या दिवशी वाण्यानं हात आखडला असता. "मंग तुमी काय खाल्लं असतं? त्यांच्या तांदळात तुमचा तांदूळ होता." सोळा जणांच्या उधारीवर आम्ही तिघं भावंडं जेवत होतो. वाण्याच्या डोक्यावर त्याचा घाऊकवाला बसलेला. एक दिवस त्यानं सोळाचे दहा कर म्हणून सांगितलं, आणि आईनं सहा जणांना गावी जा म्हटलं. कोणाला, ते वहीत दिसतं. मे महिन्यात सहा रेघा एकदम थांबल्यात. बायकापोरं गावाला असलेल्यांना तिनं धाडलं, कारण तिकडे निदान भाताची पेरणी होती. ज्यांची शेती नव्हती ते राहिले.

हे दादाला सांगून उपयोग नाही. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. पण संप वर्षभर कसा टिकला याची उत्तरं पुढाऱ्यांच्या भाषणांत शोधणाऱ्यांनी कधी वाण्याच्या वह्या बघाव्यात, असं मला वाटतं.

गुरुवार

१८ ऑगस्ट १९८२ च्या पानावर सगळ्यांपुढे ख आहे. तो मला आठवतो. त्या दिवशी मुंबईत पोलिसांचाच संप झाला, रस्त्यावर दगडफेक, जाळपोळ, चाळीखाली उतरायची सोय नव्हती. आईनं भाताचं पातेलं उतरवून ठेवलेलं आणि एकही मेंबर पोचला नाही. आम्ही पोटभर जेवलो. परत घेतलं, पुन्हा परत घेतलं. बाहेर शहर पेटलेलं आणि मी खूश. मुलांना काय!

बाबांचं मात्र वेगळंच चाललं होतं. पूर्वी पाळीवरून आले की पहिलं ताट त्यांचं. संपात ते मेंबर उठेपर्यंत गॅलरीत बसून राहायचे, भूक नाही म्हणायचे. मग रात्री चाळीतले दिवे गेले की मोरीत बसून मेंबरांची ताटं घासायचे. नळ अगदी बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, इतकी वर्षं काढलेला माणूस. त्या खडखडाटामुळे घरातही ओरडूनच बोलायचा. त्या काळात त्यांचा आवाज चाळीत ऐकू येईनासा झाला. एकदा समोरच्या काकींनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर हसल्या. त्यानंतर आईनंच ताटं काढून घेतली. बाबा भाकऱ्या थापायला मागत होते, तिनं दिल्या नाहीत. अजून तिला ते लागून आहे, की द्यायला हव्या होत्या. मला नाही वाटत त्यानं काही फरक पडला असता.

शुक्रवार

वहीचं दुसरं वर्ष. बाबा भिवंडीला गेले. गिरण्यांचे भोंगे बंद होते, कापड बंद नव्हतं. मालक यंत्रमागांवर विणून घेत होते. ज्या कापडासाठी बाबा संपावर, तेच कापड ते भिवंडीत मीटरवर विणू लागले. बारा तास, ना ईएसआय, ना फंड, ना रजा. शनिवारी रात्री घरी. आईनं तेव्हापासून वहीत सगळ्यात खाली एक ओळ वाढवलीय, 'घरचे', आणि सोमवार ते शनिवार ख ख ख.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी. काहींना गिरण्यांनी परत घेतलं, हजारोंना नाही. बाबा दोनदा गेटवर जाऊन आले. १९८४ ला संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत खासदार झाले तेव्हा चाळीत पेढे वाटले आमच्याच बाबांनी. कर्ज काढून पेढे! आईनं तेवढी एक शिवी दिलेली मला आठवते.

पैसे काही मेंबरांनी फेडले. माखजनवाल्यानं बऱ्याच वर्षांनी गावाहून तांदळाचं पोतं आणि फणस पाठवला, आईनं त्याच्या नावापुढे गोल केला. बेरजेला तो पुरत नव्हता. धामणीचा नवा कुठे गेला कोणालाच माहीत नाही.

रविवार

दादा-वहिनी आले. सही केली, न वाचता. घर कुठे देणार, विचारलं. मुंबईबाहेर, शेलू, वांगणीचं चाललंय म्हटलं. गेल्या वर्षी, ९ जुलै २०२५ ला, आझाद मैदानावर मोर्चा होता तो त्याचसाठी, मुंबईतच घरं द्या म्हणून. आई जायला निघाली होती, गुडघ्यांनी राहिली.

"गिरणीच्या जागेवर टॉवर आणि आपण वांगणीला," दादा म्हणाला आणि वही उघडून बसला. मला वाटलं फाडतो. त्यानं नोव्हेंबर ८२ चं पान काढलं, चष्मा वर केला आणि बेरजा बोटानं मोजत गेला.

"आई, इथे धामणीवाल्याला दोन खाडे कमी धरलेत तू."

"त्याला ताप होता. पेज दिली होती, ती जेवणात धरली नाय."

"मग खाडा हवा ना."

आईनं पेन मागितलं.