फणसाचं मेज आणि २३ अंश

रत्नागिरीत दोन खोल्यांत काम सुरू केलं, तेव्हा प्रवाहमापकाची, म्हणजे पाण्याचा वेग आणि दिशा नोंदवणाऱ्या यंत्राची, देखभाल म्हणजे केबल, ओ-रिंग (पाणी आत शिरू न देणारी रबरी कडी) आणि बॅटरी, एवढंच गिऱ्हाइकांना माहीत होतं. आतल्या कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र गोल फिरवून कंपासची चूक मोजणं आणि सुधारणं, मागायला कोणी येत नव्हतं. आम्ही ते न मागताही करून देत होतो.

त्यासाठीचं फिरतं मेज सुतारकाकांनी फणसाच्या लाकडाचं घडवलं. लोखंडाने कंपास भरकटतो, म्हणून लोखंडी खिळा एकही नाही. सांध्यांना लाकडी खुंट्या, मधला आस पितळेचा. मेज फिरताना कुठे अडखळू नये म्हणून काकांनी तो आस तीनदा घासला, आणि मजुरी घेतली वर्षभराने. मी त्यांना पहिला भागीदारच मानतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी तिथली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारली, तीही चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात. आमचं मेज त्याच जातीचं.

मग खाडीचं काम आलं. एडीसीपी, म्हणजे ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा मापक, महिनाभर तळाशी बसवायचा होता. नव्या बॅटऱ्या घातल्या, चौकटीला शिशाची वजनं बांधली, सावकाश पूर्ण फेरा घेतला. कंपासची चूक १.४ अंश. महिन्याने डेटा उघडला, तर भरतीचं पाणी खाडीत चढायचं सोडून तिरकं कातळात शिरत होतं! ठेकेदाराने बिल अडवलं. एका प्रतिस्पर्ध्याने तर ‘यांना कंपासमधलं काही कळत नाही’ असं बंदरभर पसरवलं. चार महिने एक काम आलं नाही. घरच्या पाटल्या गहाण पडल्या.

शेवटी चौकट होती तशी मागवून घेतली. बघतो तर आमचं शिसं गायब. बोटीवर कोणीतरी त्याजागी लोखंडी पाट्या आवळल्या होत्या, कंपासपासून जेमतेम हातभर. काकांनी मेज रुंद करून दिलं. नारळाच्या बागेत, गाड्या-तारांपासून लांब, पाट्यांसकट चौकट त्यावर चढवली. यंत्राने तळाशी नोंदवलेली दिशा पुन्हा दिसेपर्यंत फिरवली आणि लांबच्या दीपगृहावर नेम धरून खरी दिशा काढली. फरक २३ अंशांचा. चौकट महिनाभर जागची हलली नव्हती, त्यामुळे सगळ्या नोंदी तेवढ्याच वळवायच्या होत्या. वळवल्या, आणि पाणी खाडीच्या रेषेत आलं. त्या रात्री काका मेजाशीच बसून जेवले.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना सांगतो: बॅटरी बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करा, जुने आकडे चालवू नका. यंत्र ज्या चौकटीत उतरणार, त्याच चौकटीत फिरवा. घड्याळ, किल्ल्या, मोबाईल लांब ठेवा. आणि मोकळी जागा दिसली म्हणून इथल्या काळबादेवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर मेज मांडू नका. ती वाळू चुंबकाला चिकटते.

बिल मिळालं, तेही कापून. चूक कोणाची होती, हे लेखी द्यायला मात्र कोणी तयार झालं नाही. बंदरावर अजूनही अधूनमधून तेच जुनं बोलणं कानावर येतं. आता वजनं आम्ही पितळी बोल्टांनी कसतो, वर सील मारतो, आणि सील तुटलेलं आलं तर डेटा उघडण्याआधी फोटो काढतो.