तुम्ही विचारलंत म्हणून: स्पर्धेला बक्षीस किती ठेवू?

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "आमच्या प्लॅटफॉर्मभोवती डेव्हलपर जमायला हवेत, अ‍ॅप बनवायची स्पर्धा घेतोय. बक्षीस किती ठेवू?" प्लॅटफॉर्म म्हणजे ज्यावर बाहेरचे लोक अ‍ॅप्स बनवतात ती यंत्रणा. मी अशा दोन स्पर्धा घेतल्या. एक साफ फसली, दुसरी बऱ्यापैकी जमली. तेवढ्यावर मी जाणकार ठरलोय.

आकडा शेवटी ठरवा, असं मी सांगतो. आधी हे ठरवा, की रात्री अकराला कुणी अडला तर त्याला उत्तर कोण देणार.

पैशाला मी कमी लेखत नाही. गूगलनं नोव्हेंबर २००७ मध्ये अँड्रॉइडसाठी स्पर्धा जाहीर केली तेव्हा अँड्रॉइडचा एकही फोन बाजारात नव्हता. एक कोटी डॉलर बाजूला काढले होते, त्यातले निम्मे पहिल्या स्पर्धेला. लोकांनी संगणकावरच्या नकली फोनवर अ‍ॅप्स बनवली आणि १,७८८ प्रवेशिका आल्या. पहिल्या पन्नासांना प्रत्येकी २५,००० डॉलर मिळाले. खरा फोन दुकानात आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. ज्या बाजारात गिऱ्हाईकच नाही तिथे कुणाला राबवायचं तर पैसा ओतावाच लागतो.

पण त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट फोन करणाऱ्यांना ठाऊक नसते. मधल्या काळात अ‍ॅप बनवायच्या साधनांची नवी आवृत्ती फक्त त्या पन्नास जणांनाच मिळत होती. २००८ च्या जुलैत हे बाहेर फुटलं आणि बाकीचे भडकले. भडकणारच. बक्षीस हुकलं तर माणूस दोन दिवस खट्टू होतो. आपल्याला दाराबाहेर ठेवलंय हे कळलं की तो दुसरं दार शोधतो.

आमची पहिली स्पर्धा म्हणजे नुसता मांडव होता. पहिलं बक्षीस एक लाख, कॉलेजांतून सेमिनार, टी-शर्ट, सगळं. मुदत रविवारी रात्री बाराची. शनिवारपर्यंत शुकशुकाट आणि रविवारी अकरानंतर धबाधबा प्रवेशिका. निम्म्या तर आम्हीच दिलेल्या नमुना अ‍ॅपचा रंग बदलून पाठवलेल्या. एकानं आमचा लोगोसुद्धा तसाच ठेवला होता! विजेत्यानं पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकसोबत फोटो काढला आणि त्यानंतर आमच्याकडे पुन्हा कधी लॉगिन केलं नाही. त्याचं काय चुकलं? आम्ही चेक ठेवला होता, तो त्यानं नेला.

टी-शर्टवरून आठवलं. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरच्या ऑनलाइन उपक्रमात खुल्या प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यांच्या कोडमध्ये सुचवलेले बदल, दिल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत एखादा शब्द घुसडून त्या पाठवायला सुरुवात केली, त्यात आपल्याकडची पोरंही कमी नव्हती. फुकट राबणारे प्रकल्पचालक इतके वैतागले की चार दिवसांच्या आत नियम बदलावा लागला: ज्यांनी स्वतःहून होकार दिलाय त्याच प्रकल्पांतलं काम धरायचं. जे मोजाल तेच लोक आणून देतात.

म्हणून दुसऱ्या वेळी सहा आठवडे दिले, बक्षीस घटवलं आणि एक अट घातली. तिसऱ्या आठवड्यात अर्धवट अ‍ॅप दाखवायचं आणि ते वापरणारा एक खरा माणूस दाखवायचा. रोज संध्याकाळी आठ ते अकरा आमचे दोन इंजिनिअर आळीपाळीनं उत्तरं द्यायला बसत. प्रवेशिका मोजक्याच आल्या. साहेबांचा चेहरा पडला.

त्यात वाळवा तालुक्यातला एक मुलगा होता. गावच्या दूध डेअरीसाठी अ‍ॅप करत होता: लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर दहा दिवसांचं बिल आणि हातात छापील पावती. एका रात्री त्याचा निरोप आला, "सर, पावतीवर ज्ञानेश्वरकाकांचा पाय मोडलाय." सोबत पावतीचा फोटो. नाव छापलं होतं "ज्ञानेश्".

आमच्या नमुना अ‍ॅपच्या कोडमधली एक ओळ नाव आठ खुणांवर कापत होती. आपल्या डोळ्यांना ज्ञानेश्वर ही चार अक्षरं. संगणकाला मात्र ज, मग पाय मोडल्याची खूण, मग ञ, मग काना, अशा एकूण दहा खुणा. आठवी खूण नेमकी श चा पाय मोडणारी. आम्ही तपासताना इंग्रजीत रमेश-सुरेश घातले होते, सगळं ठीक दिसलं होतं. पुण्यात बसून, मराठी बोलत, आम्ही हे केलं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती ओळ बदलली आणि बदलाच्या नोंदीत त्याचं नाव घातलं. त्या सहा आठवड्यांत असे सदतीस दोष आले. आमच्या तपासणीवाल्यांनी वर्षभरात शोधले नव्हते इतके. मुलाला बक्षीस मिळालं नाही, परीक्षकांना डेअरीत काही गंमत वाटली नाही. पण पावती छापण्याबद्दल कुणी नवखा अडला की आमच्या आधी तोच उत्तर देतो. अजूनही.

आता आकडा. त्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस पंचवीस हजार होतं. दोन इंजिनिअरांच्या सहा आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात धरलेल्या नाहीत, त्या आधी मंजूर करून घ्या. मी घेतल्या नव्हत्या आणि दिवाळीपर्यंत त्याचा हिशेब देत होतो.