१९५४ सालचा कॅप्टन अमेरिका कोण होता?

मार्च १९६४ च्या, मार्व्हलच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ या कॉमिकच्या चौथ्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी कॅप्टन अमेरिका या महानायकाला बर्फातून बाहेर काढले. १९४५ मध्ये, महायुद्ध संपत आले असताना, एका विमानाच्या स्फोटात त्याचा जोडीदार बकी मारला गेला आणि तो स्वतः समुद्रात पडून गोठला, असे त्या कथेत सांगितले आहे. ओळखीचे जग हरवून बसलेला हा सैनिक मला जुन्या, नुसत्या ठोसेबाज कॅप्टनपेक्षा कितीतरी जिवंत वाटतो. अडचण एवढीच होती की १९५३-५४ मध्ये याच प्रकाशनाने, म्हणजे तेव्हा अ‍ॅटलस म्हणवणाऱ्या मार्व्हलने, कॅप्टन आणि बकीला पुन्हा मैदानात उतरवून कम्युनिस्टांचा समाचार घ्यायला लावले होते. ते मासिक तीन अंकांतच बंद पडले, पण छापलेले अंक तर होतेच. मग बर्फात गोठलेला माणूस हेरांना बडवत कसा फिरत होता?

लीने त्या अंकांकडे काणाडोळा केला. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या नव्या लेखकाने, चित्रकार सॅल ब्युसेमा यांच्यासह, ‘कॅप्टन अमेरिका’च्या १५३ ते १५६ या अंकांत उत्तर दिले: तो कॅप्टन दुसराच कुणीतरी होता. कॅप्टनच्या भक्तीने झपाटलेला एक इतिहासाचा अभ्यासक जर्मनीतल्या जुन्या कागदपत्रांत मूळ कॅप्टनला घडवणाऱ्या शक्तिवर्धक रसायनाचे सूत्र शोधून काढतो, चेहरा आणि नाव बदलून स्टीव्ह रॉजर्स (हे मूळ कॅप्टनचे खरे नाव) बनतो. मात्र रसायनासोबत आवश्यक असलेले किरण न मिळाल्याने त्याचे डोके फिरते, आणि मग त्याला ज्याच्या त्याच्यात, विशेषतः कृष्णवर्णीयांत, कम्युनिस्टच दिसू लागतात. शेवटी सरकारच त्याला आणि त्याच्या बकीला बेशुद्धावस्थेत डांबून ठेवते.

यातली खरी करामत १५५ व्या अंकात आहे. तिथे पूर्वकथा सांगताना १९५३ च्या कथेतल्या चित्रकार जॉन रोमिटा यांच्या मूळ चौकटीच पुन्हा वापरल्या आहेत. ज्या ठोशावर तेव्हाच्या पोरांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा होती, तोच ठोसा आता एका भ्रमिष्टाचा म्हणून वाचावा लागतो. याउलट डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशनाने १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेत, आपल्या कथा जिथे घडत त्या समांतर पृथ्व्याच्या पृथ्व्या नष्ट करून पाटी कोरी केली. त्यात सुपरमॅनची चुलत बहीण असलेल्या पॉवर गर्लचे गोत्रच हरवले आणि पुढे तिला अटलांटिसच्या एका जादूगाराची नात ठरवावे लागले. एवढ्या तोडफोडीपेक्षा मला एंगलहार्टचे रफू जास्त आवडते.

अर्थात, भोके आणखी होती. कॅप्टनची कॉमिक्स १९४५ नंतरही काही वर्षे निघत होती. १९७७ मध्ये मार्व्हलच्याच ‘व्हॉट इफ’ या कॉमिकच्या चौथ्या अंकात लेखक रॉय थॉमस यांनी त्या काळासाठी आणखी दोन कॅप्टन नेमले, आधी विल्यम नॅसलंड आणि त्याच्या मृत्यूनंतर जेफ मेस. त्यामुळे १९४७ चा अंक आज उघडला, तर पानावर नाव स्टीव्ह रॉजर्सचे असते, आणि मुखवट्याआड असतो मेस.