बिऱ्हाड पाठीवर, वाट उंटांची

फरिना, रविवार, रात्री

दक्षिण ऑस्ट्रेलियातले लिंडहर्स्ट गाव मागे पडल्यावर खडीचा रस्ता लागला आणि पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्यांवरून आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडलेले चाकांवरचे घर, अशी थडथडत निघाली, की तळावर पोहोचून दार उघडले तेव्हा कपाटाची कडी निखळलेली, पिठाचा डबा आडवा आणि सगळ्यावर तांबड्या धुळीचा थर, असे दृश्य होते. दोष रस्त्याचा नाही. निघण्यापूर्वी कड्या तपासण्याचे काम माझे होते. पीठ भरून घेताना मात्र हसू आले, कारण फरिना या लॅटिन शब्दाचा अर्थच पीठ.

नावामागची कथा हसण्यासारखी नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सर्व्हेयर-जनरल, म्हणजे जमीन मोजणीचे प्रमुख, जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ मध्ये नकाशावर एक रेषा आखून दिली होती: हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे पेरू नका. पुढच्या दशकात काही वर्षे पाऊस बरा झाला, नांगर जाईल तिकडे पाऊस मागोमाग येतो अशी समजूत पसरली, आणि १८७८ मध्ये त्या रेषेच्या कितीतरी उत्तरेला हे गाव आखले गेले. गहू पिकला नाही. १८८२ मध्ये रेल्वे आली म्हणून गाव जगले, आणि ती बंद होण्याच्या कितीतरी आधीच ते ओसरत चालले होते. आज ट्रान्सकॉन्टिनेन्टल हॉटेलच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत आणि खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचे माळरान दिसते.

तरीही गाव ओसाड म्हणवत नाही. दर हिवाळ्यात काही आठवडे येथे स्वयंसेवक येतात, बहुतेक निवृत्त, आणि येताना आमच्यासारखेच घर गाडीला जोडून आणतात. संध्याकाळी त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी भिंतीच्या दगडांमधल्या फटी कशा भरतात ते मला दाखवले. चुन्याचा गिलावा ते अंगठ्याने दाबून बसवत होते. सिमेंट सोपे पडले असते, पण ते ओल बाहेर जाऊ देत नाही आणि मग मऊ दगडच भुगा होऊन पडतो, एवढे सांगून त्यांनी तो अंगठा पँटला पुसला. स्नानासाठी लाकडे पेटवून पाणी तापवण्याची सोय आहे. तिला येथे डाँकी म्हणतात. मला तो आपल्या बंबाचा भाऊबंद वाटला.

फरिना, सोमवार

पहाटे भट्टीकडे गेले. येथील बेकरी जमिनीखाली आहे, कारण वरच्या उन्हाळ्यात कणीक मळणे माणसाला आणि यीस्टलाही झेपले नसते. पायऱ्या उतरताच ताज्या पावाचा वास आला. दगडी भट्टीच्या तोंडाशी उभी असलेली बाई लांब दांड्याच्या फळीवरून एकेक पाव बाहेर काढत होती आणि त्याच्या बुडाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होती; पोकळ वाजला तर झाला, नाहीतर परत आत. वर रांगेत उभी असलेली माणसे एकमेकांना टायरचा दाब आणि पुढच्या रस्त्याची हालहवाल विचारत होती. काही आठवडेच टिकणारी ही वस्ती मला अनेक कायमच्या वस्त्यांपेक्षा अधिक शेजारधर्म पाळणारी वाटली.

दुपारी दफनभूमीत गेलो. उंटवाल्यांच्या कबरी वेगळ्या कोपऱ्यात आहेत. १८६६ मध्ये मोठ्या कुरणांचे मालक टॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसे पोर्ट ऑगस्टाला आणली; पुढे त्यांच्या बेल्टाना येथील कुरणांत उंटांची पैदास सुरू झाली. बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या या सर्वांना येथे सरसकट अफगाण म्हटले गेले, आणि या मार्गावरच्या आगगाडीचे ‘द घान’ हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रस्ते नव्हते तेव्हा कुरणांवरची लोकर रेल्वेपर्यंत आणि तारायंत्राचे सामान वाळवंटात त्यांनीच पोहोचवले. कॅरॅव्हॅन हा शब्द मुळात अशा तांड्याचा. आमच्या पत्र्याच्या खोलीने तो उसना घेतला आहे, हे त्या कोपऱ्यात उभे राहिल्यावर फार जाणवले.

मरी, मंगळवार

‘मरी’ हे गावाचे नाव मराठी कानाला दचकवते, पण गाव साधे, पसरट आणि शांत आहे. एका काळी रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी, अशी त्याची वाटणी होती. आज आगगाडी येत नाही, जुन्या रुळांवर इंजिने गंजत उभी आहेत. पलीकडे उंटवाल्यांच्या मशिदीची प्रतिकृती आहे: मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, समोर हातपाय धुण्यासाठी लहानसे कुंड. ती एवढी लहान आहे की स्मारक म्हणून बांधली असे वाटतच नाही, आणि मला ती हॉटेलच्या दुमजली दगडी इमारतीपेक्षा अधिक आवडली.

उंटवाल्यांच्या वाट्याला जे आले ते मात्र फलकावरच्या दोन ओळींत मावणारे नाही. १९०३ च्या कायद्याने आशियातील मूळ रहिवाशांना नागरिकत्व नाकारले. मग ट्रक आले, उंटांचे काम संपले, आणि १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने उंट मारण्याची मुभा देणारा कायदा केला. ज्यांच्या जिवावर पोट भरले त्या जनावरांवर गोळी झाडवेना, म्हणून अनेकांनी ती वाळवंटात सोडून दिली.

संध्याकाळी सामान पुन्हा लावले. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा ओढणाऱ्या गाडीला ती जिथे जोडतात त्या गोळ्यावर यावा लागतो. मागे जड झाले की गाडी शेपटी हलवू लागते. उंटवाल्यालाही दोन्ही बाजूंचे ओझे तोलूनच बांधावे लागे, नाहीतर खोगीर घसरून जनावराची पाठ सोलवटून निघे. पाण्याचे कॅन मी धुरेच्या जवळ सरकवले, पिठाचा डबा खालच्या कप्प्यात ठेवला आणि नव्या कडीला वरून दोरीही बांधली. उद्या ऊडनादत्ता ट्रॅक या कच्च्या रस्त्याने कॉवर्ड स्प्रिंग्ज हा पुढचा तळ गाठायचा आहे. तेथे खजुराची झाडे आहेत. टायरमधली हवा आजच थोडी कमी करून ठेवली आहे.