भूगोलासाठी कर्ज, आणि दोन शाखांमधल्या माझ्या फेऱ्या

"भूगोलाला कर्ज? पुढं मास्तरकीच ना?" आमच्या तालुक्याच्या शाखेतल्या साहेबांचा हा पहिला प्रश्न. जिओइन्फॉर्मॅटिक्स आहे सर, कॉम्प्युटरवर नकाशे करायचं शास्त्र, एम.एस्सी., असं म्हटलं. त्यांनी कॉलेजचा पत्ता वाचला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "कॉलेज पुण्यात, मग कर्जही पुण्यातूनच काढा."

पुण्यातल्या शाखेत मॅडमनी आधार कार्ड बघितलं. "पत्ता खटाव तालुक्यातला आहे. आमच्या सर्व्हिस एरियात, म्हणजे शाखेला नेमून दिलेल्या भागात, बसत नाही. गावाकडूनच करा."

ही २०२२ ची गोष्ट. पुढचे ३७ दिवस मी या दोन वाक्यांच्या मध्ये एसटीने फिरत होते. बँक एकच, फक्त शाखा दोन. तालुक्याला परत गेले तर साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला आण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गेले, तर साहेबांनी सातबारा मागितला. आण्णांनी तो पिशवीतून काढलासुद्धा, त्यांना कागद मागितला की द्यायचाच एवढंच माहीत. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक होतं, पण आण्णांसमोर साहेबांशी वाद घालायची हिंमत झाली नाही. याचा राग अजून आहे, साहेबांवर कमी आणि स्वतःवर जास्त.

बाकड्यावर बसून बसून एक काम मात्र झालं. टोकनच्या चिठ्ठीमागं मी हिशेब मांडला. फी, हॉस्टेल आणि लॅपटॉप धरून ३ लाख ६० हजार, दर सहामाहीला ९० हजार. व्याज साडेदहा टक्के. कोर्सची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, हे सगळे सांगतात. त्या तीन वर्षांत व्याज चालूच असतं, हे कुणी सांगत नाही. ते होतं ८५ हजार. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर ४ लाख ४५ हजार, आणि सात वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साडेसात हजार.

आता कमाई. कॉलेजच्या माहितीपत्रकातलं 'पॅकेज' बघू नका. मी दोन सीनियर मुलींना फोन करून विचारलं, हातात किती पडतात? साडेसतरा हजार. काम काय, तर ड्रोनच्या फोटोवर घरं, रस्ते, विजेचे खांब माउसने गिरवायचे, आणि दिवसाचं टार्गेट. कॉट बेसिसची खोली साडेचार हजार, मेस ३,६००, बसपास-मोबाइल-साबण धरून दीड हजार. उरले ७,९००. त्यातून साडेसात हजारांचा हप्ता गेला की ४००. चारशे रुपयांत आजारीसुद्धा पडता येत नाही.

कर्जाशिवायचा रस्ताही होता. अनुदानित कॉलेजात एम.ए. भूगोल काही हजारांत होतं. पण पुढं प्राध्यापकीसाठीची सेट-नेट परीक्षा, आणि ती होऊनही काम तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे. माझेच एक सर सेट होऊन आम्हाला शिकवायचे आणि मानधनाची वाट बघत महिने काढायचे. ते बघितल्यावर मी कर्जाच्या बाजूने झुकले, पण एका अटीवर: व्याज तुंबू द्यायचं नाही. पहिल्या सहामाहीत ते महिन्याला ७९० रुपये होतं, बँकेकडून चौथे ९० हजार सुटल्यावर ३,१५०. दूध संघाच्या बिलातून आण्णा दर महिन्याला ते भरत गेले आणि नोकरी लागल्यावर मी. त्यामुळे हप्ता साडेसात हजारांऐवजी ६,०७० वर आला.

पण कर्ज मिळालं कसं, ते राहिलंच. कॉलेजच्या ऑफिसातल्या शिपाईमामांनी सांगितलं, "तोंडी 'नाही' ऐकून घ्यायचं नाही, लेखी मागायचं." मग मी साधा अर्ज लिहिला: शैक्षणिक कर्जाला सर्व्हिस एरियाची अट लावू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे, तरी नकार असल्यास कारणासह लेखी द्यावा. दोन प्रती नेल्या. एकीवर शिक्का मारून पोच द्या म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस दोनदा आत जाऊन आला. शिक्का बसला. चौथ्या दिवशी तालुक्याच्या शाखेतूनच फोन, "ताई, सही करायला कधी येताय?" सातबाऱ्याचं नावसुद्धा निघालं नाही. अर्ज नाकारायचा तर वरच्या कार्यालयाची संमती लागते, हे मला नंतर कळलं.

तोवर प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि पहिले २० हजार माझ्या मामाकडून उसने घेऊन भरले होते. म्हणून प्रवेश निश्चित व्हायची वाट न बघता, यादीत नाव दिसल्या दिवशीच शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका. त्याचा नंबर हातात असला की शाखेत जाताना जरा जोर येतो. फीचं पत्र दोन्ही वर्षांचं, वर्षवार फोड केलेलं घ्या. माझं एकाच वर्षाचं होतं, त्यापायी एक फेरी वाढली.

हप्ता सुरू झाला तेव्हा माझा पगार २१ हजार झाला होता. खांब गिरवणं सुटलं, आता दुसऱ्यांनी गिरवलेले तपासते. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते बी.ए.ला असतानाच शिकून ठेवलं असतं तर पहिले सहा महिने माउस घासत बसावं लागलं नसतं.

आणि हो, दर सहामाहीचे पैसे आपोआप सुटत नाहीत. मार्कशीट आणि बोनाफाईड शाखेत नेऊन द्यावं लागतं. त्याचीही पोच घ्या.