दीडपट

घणसोली आलं तरी माझी नजर शेजारच्या मुलाच्या मोबाईलवरच. ठाणे-वाशी लोकल, मला खिडकी मिळालेली, आणि तो 'श्वास' बघत होता. दीडपट वेगाने.

अरुण नलावडेंचे आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलबाहेर पडलेले. ऑपरेशननंतर पोराची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी त्याला डोळे भरून जग दाखवायचं. आणि इथे दोघं असे तुरुतुरु पळतायत, जणू ८:४२ सुटणार आहे!

न राहवून बोललेच, "अरे, हा तरी सावकाश बघ."

"काकू, पिक्चर मस्तच आहे. फक्त मध्ये मध्ये कोणी काही बोलतच नाही. तेवढं वाचतं."

तेवढं वाचतं! २००४ साली मी थिएटरमध्ये नेमकी त्या न बोलण्यालाच रडले होते.

पण त्याला नावं कशी ठेवू? पिक्चर त्याला खरंच आवडला होता. कोपरखैरणेला उतरताना "शेवट घरी बघतो" म्हणाला.

रात्री मीही लावला. सुरुवातीलाच बोट आपोआप दहा सेकंद पुढे ढकलायला गेलं. कितव्या मिनिटाला, ते विचारू नका.

तुम्ही शेवटचा अख्खा पिक्चर, न ढकलता, कधी पाहिलात?