पावसाळी हूड आणि विंडशिल्ड: कोणती फ्रेम कोणत्या गाडीची, काम कुठवर आलं

मंडळी, बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं. माझ्या रॅकवरच्या बिननावाच्या हूड-फ्रेम्सपैकी काहींचा निकाल लागलाय, एक अजून लटकलीय आणि एक तर हूडची नव्हतीच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्यांना ड्रायव्हरसाठी एक सुटं हूड मिळायचं, समोर काच, काचेवर वायपर आणि मागे कॅनव्हास. सीट वर करून, डोकं हॅचबाहेर (ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकणाचं तोंड) काढून लांबचा रोड मार्च करायचा आणि वरून पाऊस नाहीतर बर्फ, अशा वेळी ते हॅचभोवती लावायचं. लढाईत त्याचा उपयोग शून्य, उलट अडचणच, कारण हॅच बंद होत नाही आणि तोफेची नळी खाली असताना टरेट (तोफेचा फिरता बुरूज) फिरवला तर हे मध्ये येणार. त्यामुळे ते जास्त वेळ काढूनच ठेवलेलं असायचं आणि युद्धानंतर गाडी एकीकडे गेली, हूड भलतीकडे. आता हाती लागते ती बहुतेक नुसती फ्रेम, आणि विकणारा तिला बिनधास्त शर्मनची (सगळ्यात प्रसिद्ध अमेरिकन रणगाडा) म्हणतो कारण शर्मन म्हटलं की भाव चढतो.

माझं मत आता पक्कं झालंय, रंग आणि कॅनव्हास सगळ्यात शेवटी बघायचे. आधी फ्रेमची खालची कड, मग आटे, मग वायपरची मोटर. कॅनव्हास फाटतो, कुजतो, कुणीतरी नवा शिवतो, रंग तर प्रत्येक सैन्याने आपापला चढवलाय, पण ज्या पत्र्यावर फ्रेम बसायची त्या पत्र्याचा आकार खालच्या कडेत राहतोच.

म्हणून पहिलं काम, जाड पुठ्ठ्यावर खालच्या कडेचा साचा काढा आणि क्लॅम्प ते क्लॅम्प अंतर त्याच्यावरच लिहून ठेवा. फोटोवरून आकार ठरवू नका, लेन्समुळे कड वाकडी दिसते. शर्मनमध्येसुद्धा एकच साचा चालत नाही हे बरेच जण विसरतात. सुरुवातीच्या हलला (रणगाड्याचं मुख्य धड) ड्रायव्हरचे हॅच लहान आणि पुढची प्लेट उभ्या रेषेपासून ५६ अंश कललेली, नंतरच्या हलला ती प्लेट ४७ अंशांची आणि हॅच मोठे. एकाचं हूड दुसऱ्यावर नीट बसणार नाही, त्यामुळे 'शर्मनचं हूड' एवढं म्हणून काहीच ठरत नाही, लहान हॅचचं की मोठ्या हे आधी सांगा.

आता आटे. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश, ब्रिटिश व्हिटवर्थचा ५५. गंमत अशी की पाव इंची बोल्टला दोन्हीकडे इंचाला २०च आटे, ५/१६ ला १८ आणि ३/८ ला १६, त्यामुळे नट चढतो आणि माणूस खूश होतो. अर्ध्या इंचाला मात्र अमेरिकन १३ आणि व्हिटवर्थ १२, तिथे लगेच कळतं, पण हूडच्या फ्रेमवर एवढा जाड बोल्ट असतोच कुठे. म्हणून थ्रेड गेज लावून कोनच बघा, उजेडासमोर धरला की फट दिसते. स्क्रूच्या डोक्यावरून वर्ष ठरवायची सवय मात्र सोडा. फिलिप्स स्क्रू युद्धाच्या आधीपासून आहेत, ते दिसले म्हणून फ्रेम नंतरची ठरत नाही.

वायपरची मोटर शाबूत असेल तर अर्धं काम झालं असं समजा. शर्मन २४ व्होल्ट, चॅफी २४ व्होल्ट, एम५ स्टुअर्ट (हे दोन्ही हलके रणगाडे) आणि हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली चिलखती गाडी) १२, जीप ६. म्हणजे मोटरच्या नावाच्या प्लेटवर १२ दिसलं की शर्मनचा दावा तिथेच डळमळतो. पण मोटर नंतर कुणीतरी बदललेली असू शकते, म्हणून ब्रॅकेटची भोकं पण बघा. मूळची भोकं रंगाच्या पहिल्या थराखाली असतात, नंतर पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेला तो जुना रंग सापडत नाही. माझ्याकडच्या वाकड्या कडेच्या फ्रेमला २४ व्होल्टची मोटर आहे, भोकं मूळची आहेत, आटे अमेरिकन आहेत. इथपर्यंत छान.

जी फ्रेम हूडची नाही निघाली ती हाफट्रॅकची. एम३ हाफट्रॅकला ड्रायव्हरसमोर काच असते आणि तिच्यावर पाडायची अर्ध्या इंचाची चिलखती प्लेट, बाकी बॉडी पाव इंची. प्लेट खाली घ्यायच्या आधी काचा काढून ठेवायच्या, म्हणजे त्या मुळातच सुट्या होणाऱ्या, आणि सुटी वस्तू की हरवणारच. खालची कड सरळसोट आणि कॅनव्हास अडकवायला बटणं, पट्टी काहीच नाही, तर ती हूडची नव्हे. तरी लोक हौसेने तिला कॅनव्हास शिवून विकतात, काय बोलायचं!

नंबरांबद्दल. युद्धकाळातल्या अमेरिकन पार्टवर ए, बी, सी, डी असं अक्षर आणि पुढे आकडे असतात, ते अक्षर मूळ ड्रॉइंगच्या कागदाचा आकार सांगतं, गाडी नाही. क्लॅम्पवरचा नंबर क्लॅम्पचाच, अख्ख्या हूडचा नव्हे, तो पार्ट्स लिस्टमध्ये शोधायचा. त्यासाठी जी नंबर (अमेरिकन सैन्याच्या पार्ट्स लिस्टमधला गाडीचा क्रमांक) पाठ असलेले बरे, जी-१०४ म्हणजे शर्मन, जी-१०३ स्टुअर्ट, जी-१०२ हाफट्रॅक, जी-५०३ जीप. लेबलवरचा स्टॉक नंबर (गोदामातला सरकारी माल-क्रमांक) १३ आकडी असेल तर ते लेबल १९७४ किंवा त्यानंतरचं, ११ आकडी असेल तर युद्धानंतरचं पण १९७४ आधीचं. लेबल नंतरचं म्हणून वस्तूही नंतरची असं मात्र नाही, जुना माल गोदामात नवा नंबर घेऊन पडून असायचा.

काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पातळ थर असलेली) असेल तर जुनी झाल्यावर कडांनी पिवळी किंवा दुधाळ होते. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कापता येत नाही, त्यामुळे कोपरा घासून बसवलेली काच दिसली तर ती टफन्ड नाहीच. पोलराइज्ड गॉगल घालून बघितलं तर टफन्ड काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात.

कॅनव्हासचं आलंच शेवटी. दोऱ्याचं एक टोक जाळा, सुती असेल तर राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. गोळी झाली तर निदान शिलाई तरी नंतरची. रंगात जुना ओडी (ऑलिव्ह ड्रॅब, लष्करी हिरवट रंग) ३ फिकट, खाकीकडे झुकणारा आणि ओडी ७ गडद हिरवा, बदल साधारण १९४३-४४ च्या सुमाराचा, पण उन्हाने ओडी ७ पण इतका उडतो की शिवणीच्या आत बघितल्याशिवाय बोलू नये. लिफ्ट-द-डॉट बटणं (एका बाजूला ठिपका असलेली, फक्त तिथूनच सुटणारी) असतील तर ठिपक्याच्या बाजूनेच उचला, उलटं ओढून कितीतरी जुने कॅनव्हास फाटलेत.

लटकलेली फ्रेम म्हणजे तीच २४ व्होल्टवाली. शर्मनचा मोठा हॅच की चॅफी, एवढ्यावर अडलंय. कुणाकडे चॅफीचा हल असेल तर ड्रायव्हरच्या हॅचच्या पुढच्या कडेचा पुठ्ठ्यावर साचा काढून द्या, मोजमाप कागदावर लिहिलेलं नको, साचाच हवा, माझा त्याच्यावर ठेवून बघतो.